होई आनमध्ये बिऱ्हाड मांडताना

हा लेख मध्य व्हिएतनाममधल्या होई आन या गावात काही महिने किंवा काही वर्षं राहायला येणाऱ्यांसाठी आहे. जुन्या गावातले कंदील, जपानी पूल आणि शिंप्यांची दुकानं यांवर भरपूर लिहून झालंय. हे गाव १९९९ पासून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे, त्यामुळे ते सगळं पाहुण्यांना आयतं दिसतं. भाड्याचं घर, पोलिसांतली नोंद, वरणाची डाळ, पुराचं पाणी, शेजारणीला काय म्हणून हाक मारायची, असल्या गोष्टींची माहिती मात्र इथं येऊनच गोळा करावी लागते.

माझं ठाम मत आधीच सांगतो. व्हिएतनामी गावात परक्या माणसाचं जगणं सुरळीत चालतं ते त्याच्या गल्लीमुळे. गॅसचा सिलिंडर, पाण्याचा कॅन, वादळाची खबर, आजारपणात दवाखान्यापर्यंत सोबत, यातलं बरंचसं घरमालक आणि आजूबाजूच्या चार घरांतून येतं. तेव्हा गल्लीशी ओळख लवकरात लवकर होईल अशा बेतानं सगळी कामं लावा.

निघण्यापूर्वी भारतातून

भारतीय पासपोर्टवर ई-व्हिसा मिळतो. १५ ऑगस्ट २०२३ पासून त्याची मुदत ९० दिवसांपर्यंत आहे. एकदाच प्रवेश हवा असेल तर फी २५ डॉलर, अनेकदा ये-जा करायची असेल तर ५० डॉलर. अर्ज थेट व्हिएतनाम सरकारच्या संकेतस्थळावर करा. सरकारी भासणारी आणि दुप्पट-तिप्पट पैसे घेणारी दलालांची पानं शोधात आधी येतात. नाव पासपोर्टवर आहे तसंच, त्याच क्रमानं लिहा. मराठी नावात मधे वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव असतं आणि ते एका कागदावर आहे, दुसऱ्यावर नाही, असं झालं की विमानतळावर खोळंबा होतो. अर्जात ज्या नाक्याचं नाव द्याल तिथूनच देशात शिरा. होई आनसाठी तो दा नांगचा विमानतळ. तिथून गाव साधारण ३० किलोमीटर आहे.

ई-व्हिसावर तिथल्या संस्थेत नोकरी करता येत नाही. शिकवण्याचं किंवा हॉटेलातलं काम ठरलं असेल तर वर्क परमिट लागतं आणि त्याच्या आधारावर पुढे रहिवासी कार्ड मिळतं. त्यासाठी पदवी, अनुभवाचा दाखला आणि पोलिसांचा चारित्र्य दाखला प्रमाणित करून लागतो. ही कामं भारतातच उरकून घ्या. तिथं पोचल्यावर एक पदवी प्रमाणित करायला कुणाला तरी दिल्लीच्या खेपा घालायला लावणं फार त्रासाचं आहे. वर्षात १८३ दिवस किंवा जास्त राहिलात तर तिथले कर-रहिवासी ठरता, हेही नोकरी घेताना ध्यानात असू द्या.

नव्वद दिवस संपत आले की नवा ई-व्हिसा काढून, देशाबाहेर जाऊन परत यावं लागतं. युरोपीय लोक यासाठी बसनं लाओसच्या सीमेपर्यंत जातात आणि त्यांचा सल्ला सगळीकडे वाचायला मिळतो. तो जसाच्या तसा उचलू नका. शेजारच्या देशात शिरायला भारतीय पासपोर्टला व्हिसा लागतो का, तो कोणत्या नाक्यावर मिळतो, हे स्वतः तपासा.

सामानात काय घ्यावं? शिट्टीचा कुकर, हिंग, मोहरी, जिरं, गोडा मसाला, पोळपाट-लाटणं. बाकी पुष्कळ तिथं मिळतं, त्याबद्दल पुढे. वीज २२० व्होल्टचीच आहे आणि आपली दोन गोल पिनांची प्लग बहुतेक ठिकाणी बसते. तीन पिनांच्या उपकरणांना मात्र अडॅप्टर लागेल.

घर शोधताना आधी पाणी विचारा

आल्या आल्या वर्षभराचा करार करू नका. पहिले काही आठवडे एखाद्या होमस्टेत काढा आणि सायकलवर गाव पालथं घाला. जुन्या गावाच्या मधोमध राहणं दिवसभराच्या गर्दीमुळे जड जातं. काम चाऊच्या बाजूला भातशेतं आहेत, आन बांगला समुद्र आहे, काम थानला पाणनारळाची बनं आहेत आणि तान आनकडे नेहमीच्या स्थानिक माणसांची वस्ती. पहिल्या बिऱ्हाडासाठी मी तान आन किंवा काम चाऊ सुचवेन, कारण तिथं गल्ल्या अजून घरच्या लोकांच्या आहेत.

घर पाहताना पहिला प्रश्न पुराचा. थू बोन नदी इथंच समुद्राला मिळते आणि पावसाळ्यात नदीकाठच्या बाक दांगसारख्या रस्त्यांवर पाणी चढणं ही दरवर्षीची गोष्ट आहे. मोठे पूर वेगळेच. १९६४ च्या पुराची आठवण म्हातारी माणसं अजून काढतात आणि २०२५ च्या ऑक्टोबरअखेर आलेल्या पुरानं गाव पुन्हा बुडालं. म्हणून मालकाला विचारा: २०२५ ला पाणी कुठपर्यंत आलं होतं? भिंतीवरची खूण दाखवायला सांगा. मग शेजारच्या दुकानदारालाही तेच विचारा. वरचा मजला असलेलं घर असेल तर थोडं भाडं जास्त पडलं तरी घ्या.

मग बुरशी. पावसाळ्यात उन्हाचं दर्शन नसताना कपाटातल्या चपला आणि पुस्तकं हिरवी पडतात. कपाटाच्या मागची भिंत हात लावून पाहा, खोलीत वारा खेळतो का ते पाहा.

विजेचं सरकारी बिल टप्प्याटप्प्यानं वाढणाऱ्या दराचं असतं, पण भाडेकरूकडून मालक बहुधा स्वतःचा एकच दर घेतो. तो दर, पाण्याचे पैसे, कचऱ्याचे, इंटरनेटचे, अनामत किती आणि ती परत कशी, हे सगळं करारात लिहून घ्या. अनामत एक-दोन महिन्यांची असते. करार दोन भाषांत असावा. मीटरचा आकडा पहिल्याच दिवशी मालकासमोर फोटो काढून ठेवा.

पत्ता कसा वाचायचा तेही शिकून घ्या. मध्य व्हिएतनाममध्ये गल्लीला ‘कियेत’ म्हणतात. पत्त्यात २५/१२ असं असेल तर मुख्य रस्त्यावरच्या २५ नंबरजवळून आत शिरणाऱ्या गल्लीतलं १२ नंबरचं घर. १ जुलै २०२५ पासून होई आन ज्यात होतं तो क्वांग नाम प्रांत दा नांग शहरात विलीन झाला, जिल्ह्याची पातळी रद्द झाली आणि होई आनचे नवे वॉर्ड पडले. दुकानांच्या पाट्या आणि लोकांच्या तोंडचा पत्ता अजून पुष्कळदा जुनाच असतो. अर्जांवर मात्र नवा वॉर्ड आणि दा नांग लिहायचं.

पोलिसांतली नोंद

हे काम मालकाचं आहे, पण चुकलं तर ताप तुम्हाला. परदेशी माणूस मुक्कामाला आला की घरमालकानं १२ तासांच्या आत स्थानिक पोलिसांकडे त्याची नोंद करायची असते. तिला ‘ताम त्रू’ची नोंद म्हणतात आणि ती हल्ली ऑनलाइनही होते. किल्ल्या घेतल्या की लगेच पासपोर्ट आणि व्हिसाचा फोटो मालकाला पाठवा आणि नोंद झाल्याचा पुरावा मागून घ्या. बँक, रहिवासी कार्ड, कधी कधी शाळाप्रवेश, सगळीकडे त्याची गरज पडते. देशाबाहेर जाऊन नव्या व्हिसावर परत आलात की नोंदही नवी. नोंद करायला टाळाटाळ करणाऱ्या मालकाचं घर कितीही सुंदर असलं तरी घेऊ नका.

फोन, पैसे आणि ‘झालो’ ॲप

सिमकार्ड पासपोर्ट दाखवून कंपनीच्या अधिकृत दुकानातूनच घ्या, विएतेल, विनाफोन किंवा मोबीफोनचं. रस्त्यावर मिळणारं दुसऱ्याच्या नावावरचं सिम अचानक बंद पडतं. मग ‘झालो’ (Zalo) हे निरोपांचं ॲप टाका. इथं मालक, पाणीवाला, शाळेच्या बाई, दुचाकी दुरुस्त करणारा, सगळे झालोवर बोलतात. भाषांतराची सोय वापरत लेखी बोललं की उच्चाराची अडचण उरत नाही आणि ठरलेल्या गोष्टीची नोंदही राहते.

इथलं चलन डोंग. एका रुपयाला साधारण ३०० डोंग पडतात. किंमत सांगताना लोक हजार गाळतात. ‘पन्नास’ म्हणजे पन्नास हजार. वीस हजाराची आणि पाच लाखांची नोट, दोन्ही निळ्या. अंधारात रिक्षा-टॅक्सीचे पैसे देताना त्यांची अदलाबदल होते, तेव्हा पाच लाखांच्या नोटा पाकिटात वेगळ्या कप्प्यात ठेवा. अगदी भाजीवालीकडेही बँकेचा क्यूआर कोड लावलेला असतो. त्यासाठी स्थानिक खातं लागतं आणि ते व्हिसाचा प्रकार व उरलेली मुदत पाहून उघडतात. एका शाखेनं नाही म्हटलं तर दुसऱ्या बँकेत विचारा. खातं होईपर्यंत सुट्टे पैसे जवळ हवेतच.

कुणाला काय म्हणायचं

व्हिएतनामीत ‘तू’ आणि ‘मी’साठी रोजच्या बोलण्यात नात्याचे शब्दच वापरतात, म्हणून हा भाग टाळून चालत नाही. तुमच्यापेक्षा थोडी मोठी बाई ‘ची’, थोडा मोठा पुरुष ‘आन’, लहान कुणीही ‘एम’. आईवडिलांच्या वयाच्या बाईला ‘को’, पुरुषाला ‘चू’, त्याहून वडील असतील तर ‘बाक’, आणि आजी-आजोबांच्या वयाच्यांना ‘बा’ आणि ‘ओंग’. ताई, दादा, मावशी, काका म्हणत वाढलेल्या माणसाला हे परकं वाटायचं कारण नाही. ओळख होताच कुणी वय विचारलं तर ती नसती चौकशी नसते. तुम्हाला काय म्हणायचं ते त्याशिवाय ठरतच नाही. सांगा आणि त्यांचंही विचारा.

भाषा सुरांची आहे. सूर बदलला की शब्द बदलतो. लिपी रोमन आहे, खाली-वर खुणा देऊन लिहिलेली, म्हणून वाचता येतंय असा भास होतो आणि उच्चार पार चुकतो. मध्य भागातली बोली तर ॲपमध्ये ऐकलेल्या हनोईच्या भाषेहून बरीच वेगळी ऐकू येते. यावर उपाय एकच. गल्लीतल्या एखाद्या विद्यार्थिनीकडून किंवा निवृत्त शिक्षकाकडून आठवड्याला दोन तास शिकवणी लावा आणि सुरुवात आकड्यांपासून करा. आकडे आले की बाजार आला.

बाजार आणि स्वयंपाकघर

होई आनचा बाजार पहाटेच भरतो. सकाळी सहाला गेलात तर ताजी भाजी, नऊला गेलात तर पर्यटकांची गर्दी. दिवसातल्या पहिल्या विक्रीला इथं ‘मो हांग’ म्हणतात आणि तिला आपल्या भवानीइतकाच मान आहे. पहिलंच गिऱ्हाईक असाल तर घासाघीस करून रिकाम्या हातानं निघू नका. विक्रेतीच्या दृष्टीनं तिचा अख्खा दिवस तुम्ही नासवलात असं होतं. नुसतं पाहायचं असेल तर थोडं उशिरा जा.

मराठी स्वयंपाकाला लागणारं किती मिळतं ते पाहून सुखद धक्का बसतो. सालं काढलेली मुगाची डाळ, म्हणजे ‘दाऊ सान’, कुठल्याही किराण्याच्या दुकानात असते. खिचडी आणि वरण त्या दिवशीच सुरू होतं. शेंगदाणे, तीळ, ओला नारळ, चिंच, हळद, आलं-लसूण, हिरव्या मिरच्या आहेत. भाज्यांत भेंडी, दुधी, कारलं, घोसाळं, लाल भोपळा, केळफूल, कच्चा फणस. पालेभाजी म्हणून ‘राऊ मुओंग’ घ्या, लसणाची फोडणी देऊन छान लागते. त्रा क्वे हे भाज्यांचं गाव सायकलच्या अंतरावर आहे, तिथं वाफ्यातून काढलेली कोथिंबीर, पुदिना आणि तुळशीच्या जातीचा पाला मिळतो. क्वांग नाममध्ये उसाचा गूळ वाटीच्या आकारात पाडतात, ‘दुओंग बात’. मुगाच्या डाळीचं पुरण या गुळात शिजवून पाहा.

तूर, हरभरा, कणीक आणि कढीपत्ता यांची मात्र वानवा. ‘बोत मी’ म्हणून मिळतं ते मैद्याच्या जातीचं पीठ, त्याच्या पोळ्या होत नाहीत. दा नांगला गेलात की भारतीय सामानाच्या दुकानातून महिन्याचं भरून आणा. तांदूळ घेताना ‘नेप’ टाळा, तो चिकट तांदूळ. दूध आणि दही बहुधा साखर घातलेलं असतं. डब्यावर ‘खोंग दुओंग’, म्हणजे बिनसाखरेचं, असं लिहिलेलं शोधा. विरजण त्याच दह्याचं लावता येतं.

शाकाहारी असाल तर एक गोष्ट पक्की समजून घ्या. ‘मांस नको’ एवढं सांगून भागत नाही. मासळीचं ‘नुओक माम’ जवळजवळ प्रत्येक पदार्थात असतं आणि रस्सा हाडांचा असतो. ‘आन चाय’ म्हणायचं. हा बौद्धांचा शाकाहार असल्यानं त्यातून मांस, मासळी, मासळीचं पाणी सगळंच वगळलं जातं. चांद्रमासाच्या पहिल्या दिवशी आणि पौर्णिमेला पुष्कळ लोक चाय पाळतात. त्या दिवशी एरवी न दिसणाऱ्या गाड्याही शाकाहारी ‘मी क्वांग’ (इथल्या शेवया), ‘बान्ह मी’ (भरलेला पाव) आणि टोफूचे प्रकार लावतात. काओ लाऊ हा गावाचा मानाचा पदार्थ डुकराच्या मांसाचा असतो, त्याचाही शाकाहारी अवतार काही ‘क्वान चाय’मध्ये मिळतो. मांसाहार करत असाल तर जेवणाची काळजीच नको. नाश्ता मात्र बाहेर, सकाळीच. चांगली मी क्वांगवाली नऊ-साडेनऊला भांडी घासायला लागलेली असते.

दिवसाची घडीच अशी आहे. गाव पाचला उठतं, साडेअकराला जेवतं, दीड वाजेपर्यंत आडवं होतं. त्या वेळात कुणाला फोन करू नका, कचेरीत जाऊ नका, भिंतीला खिळे ठोकू नका. संध्याकाळी शेजारी कराओके लावतील. मोठ्या आवाजाची तक्रार घेऊन जाण्याआधी एकदा तिथं जाऊन बसा, मग बोलणं सोपं जातं.

रस्त्यावर

भारतीयांनी हा भाग दोनदा वाचावा. भारतातलं आंतरराष्ट्रीय ड्रायव्हिंग परमिट १९४९ च्या जिनिव्हा करारानुसार असतं. व्हिएतनाम मानतो ते १९६८ च्या व्हिएन्ना करारातलं. त्यामुळे आपलं परमिट तिथं चालत नाही, मग भाड्यानं दुचाकी देणारा काहीही सांगो. परवान्याशिवाय अपघात झाला तर विमा कंपनी हात वर करते, आणि हीच खरी भीती आहे. १ जानेवारी २०२५ पासून दंडही फार वाढलेत. दुचाकीनं लाल दिवा तोडला तर ४० ते ६० लाख डोंग. दारूची मर्यादा शून्य, म्हणजे एक बिअरही नाही. हेल्मेट चालक आणि मागे बसणारा, दोघांनाही सक्तीचं.

होई आन सपाट आहे. सायकल पुरते. दा नांगला जायला ग्रॅब (ॲपवरची टॅक्सी) किंवा इलेक्ट्रिक टॅक्सी बोलवा. लांबचा मुक्काम असेल तर स्थानिक परवाना काढण्याच्या मार्गाला लागा. वाहनं उजवीकडून चालतात. पायी रस्ता ओलांडताना एका संथ चालीनं सरळ जात राहा, मधेच थबकू नका किंवा मागे फिरू नका. दुचाकीवाले तुमच्या चालीचा अंदाज घेऊन बाजूनं जातात.

पाऊस उलटा येतो

महाराष्ट्रात दसऱ्याला पाऊस आवरतो, तेव्हा इथला सुरू होतो. नैर्ऋत्य मोसमी वारे येतात तेव्हा ट्रुओंग सोन पर्वतरांग त्यांचं पाणी पलीकडे लाओसच्या बाजूला काढून घेते आणि किनाऱ्यावर कोरडा, तापलेला वारा उतरतो. सह्याद्रीच्या पलीकडच्या माण-खटावला जे भोगावं लागतं तेच होई आनला जून ते ऑगस्टमध्ये. मग ईशान्येचे वारे समुद्रावरून पाणी घेऊन त्याच डोंगरांवर आदळतात. ऑक्टोबर आणि नोव्हेंबर सर्वांत ओले, वादळंही त्याच सुमारास.

सप्टेंबर लागताच तयारी करा. पाण्याचे २० लिटरचे दोन कॅन जास्त भरून ठेवा, पॉवर बँक, टॉर्च, कोरडा शिधा, नेहमीची औषधं. पासपोर्ट प्लास्टिकच्या पिशवीत, वरच्या मजल्यावर. नदीच्या इशाऱ्याच्या तीन पायऱ्या असतात, ‘बाओ दोंग’ एक, दोन आणि तीन. आपल्या दारात कोणत्या पायरीला पाणी येतं ते शेजाऱ्याला आधीच विचारून ठेवा. शेजारी फ्रिज उचलून टेबलावर ठेवू लागले, दुचाकी उंच रस्त्यावर नेऊ लागले की तुम्हीही हातातलं काम टाकून तेच करा, आणि आपलं झालं की त्यांच्या मदतीला जा. पाणी चढलं की त्या भागाची वीज तोडतात. पुराच्या पाण्यात हौसेनं उतरू नका, उघडी गटारं आणि तारा दिसत नाहीत. ओसरताना पाणी असतानाच गाळ झाडून काढायचा, वाळल्यावर तो निघत नाही.

दुखलं-खुपलं

पोलिसांचा फोन ११३, अग्निशमन ११४, रुग्णवाहिका ११५. गावात ‘न्या थुओक’ म्हणजे औषधाची दुकानं पावलोपावली आहेत. मोठ्या दुखण्याला दा नांगच्या रुग्णालयात जावं लागतं, म्हणून आरोग्यविमा घेऊनच या. डेंग्यू इथं नेहमीचा. ताप आला तर पॅरासिटामॉलवर राहा, आयबुप्रोफेन किंवा ॲस्पिरिन घेऊ नका आणि रक्त तपासून घ्या. कुत्रं चावलं तर त्याच दिवशी लस. पासपोर्ट हरवला किंवा संपत आला तर हनोईचा भारतीय दूतावास किंवा हो ची मिन्ह सिटीतलं महावाणिज्य दूतावास.

बोलावणी आणि सण

शेजारी ‘यो’ला बोलावतील. ती घरातल्या गेलेल्या माणसाची पुण्यतिथी. पितरांसमोर ताटं मांडतात, उदबत्ती लावतात, मग सगळे मिळून जेवतात. फळं किंवा बिस्किटांचा डबा घेऊन जा, दारात चपला काढा, वस्तू दोन्ही हातांनी द्या. लग्नाला रोख पाकीट. गल्लीत पांढऱ्या पट्ट्या बांधलेली माणसं आणि मांडव दिसला तर मयत आहे. गाडीवरून उतरून शांतपणे जा.

तेत, म्हणजे चांद्र नववर्ष, २०२७ मध्ये ६ फेब्रुवारीला आहे. त्याच्या आधी आठवडाभराचा शिधा, गॅस आणि रोख पैसे घरात हवेत, कारण बाजार आणि कचेऱ्या बंद असतात आणि तिकिटं मिळत नाहीत. वर्षातला पहिला पाहुणा घराचं वर्षभराचं नशीब घेऊन येतो असं मानतात, तेव्हा पहिल्या सकाळी न बोलावता कुणाच्या उंबऱ्यावर जाऊ नका. मुलांसाठी लाल पाकिटात कोऱ्या नोटा तयार ठेवा. उरलेल्या सुट्टीत ‘मी सोन’ला जा. ४० किलोमीटरवर इथल्या जुन्या चाम राजांनी बांधलेली शंकराची देवळं आहेत आणि त्यांतल्या काहींची डागडुजी भारताच्या पुरातत्त्व खात्यानं केली. २०२० मध्ये तिथं एकसंध दगडाचं नवव्या शतकातलं शिवलिंग सापडलं.

घर सोडताना

एक महिना आधी लेखी, झालोवर, कळवा. पहिल्या दिवसाचा मीटरचा फोटो आणि आजचा, दोन्ही समोर ठेवून हिशेब करा. बँकेतले पैसे व्हिसा संपायच्या आत काढा, कारण कागदांची मुदत संपली की खात्याचे व्यवहार थांबतात. कुकर, गाद्या, पंखे नव्यानं आलेल्या कुणाला तरी द्या आणि त्याला मालकाची, पाणीवाल्याची आणि भाजीवाल्या मावशींची ओळख स्वतः जाऊन करून द्या.